धागा: फोर बाय फोर पिकअपला विंच कितीची? साडेनऊ हजारी की बारा हजारी?

चाकोरी (धागाकर्ता)
रामराम मंडळी. डबल केबिन फोर बाय फोर पिकअपला पुढून इलेक्ट्रिक विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचा, मोटरवर फिरणारा रोपाचा ड्रम) बसवायची आहे. आरसीवर लेडन (भरल्या गाडीचं) वजन २,७३५ किलो. टूलबॉक्स, जास्तीची स्टेपनी, पाण्याचे कॅन आणि दोन माणसं धरून काट्यावर २,६२० भरलं. सिस्टिम १२ व्होल्ट, बॅटरी ७५ एएच (अँपिअर-तास), अल्टरनेटर ९० अँपिअर. वापर दोन प्रकारचा: पाटण-बामणोलीकडचे पावसाळी लाल चढ, आणि कराडच्या खाली कृष्णाकाठची काळी रानं. साडेनऊ हजार पौंडी आणि बारा हजार पौंडी यांत अडकलोय. किमतीतला फरक झेपतो. मग डोळे झाकून मोठी घ्यावी का? वायर रोप की सिंथेटिक (कृत्रिम तंतूचा), तेही सांगा.

मुरूमवाट
आधी नेहमीचा ठोकताळा: भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. आरसी आणि काटा यांतला मोठा आकडा धरायचा, कारण ज्या दिवशी गाडी बसते त्या दिवशी मागे नेमकं दोन पोती जास्तीचं सामान असतं. २,७३५ गुणिले दीड म्हणजे ४,१०२ किलो, पौंडात ९,०४५. साडेनऊ हजारी विंच म्हणजे ४,३०९ किलो, जेमतेम बसते. बारा हजारी म्हणजे ५,४४३ किलो, ऐसपैस.

इथवर सगळे दुकानदार सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. विंचवर छापलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो.

ड्रमचा व्यास ६४ मिमी आणि रोप ९.५ मिमी धरा. मोटर-गिअरबॉक्सचा पीळ ठरलेला असतो. रोप ड्रमच्या मध्यापासून जितका लांब, तितकी ओढ कमी. पहिल्या थरात हे अंतर ३६.७५ मिमी, दुसऱ्यात ४६.२५, तिसऱ्यात ५५.७५, चौथ्यात ६५.२५. साडेनऊ हजारीची ओढ त्या हिशेबानं अशी उतरते: ४,३०९, मग ३,४२०, मग २,८४० आणि चौथ्या थरात २,४३० किलो. रोप खालच्या दोन वेढ्यांच्या खोबणीत थोडा बसतो म्हणून प्रत्यक्षात जरा बरा आकडा मिळतो, पण चाल हीच.

आता ड्रमची रुंदी साधारण २२८ मिमी, म्हणजे एका थरात २४ वेढे. पहिल्या थरात साडेपाच मीटर रोप मावतो, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात साडेआठच्या आतबाहेर, उरलेला चौथ्यात. २८ मीटर रोप असेल तर पहिले सात मीटर बाहेर निघेपर्यंत तुम्ही चौथ्या थरावरच असता. झाड सहा मीटरवर दिसलं म्हणून खूश होऊन हूक लावला की साडेनऊ हजारीची झाली सव्वापाच हजारी. पूर्ण ताकद हवी तर साडेबावीस मीटर रोप बाहेर पाहिजे.

वारणाकाठ
+१. पण हाच हिशेब बारा हजारीच्या बाजूनं जातो ना? तीच चौथ्या थरात ३,०६५ किलो देते. जवळ झाड असताना तीच कामाची. परत परत कोण रोप सोडत बसणार पावसात? माझं मत बारा हजारी.

मुरूमवाट
वारणाकाठ, आकडा बरोबर, निष्कर्ष अर्धा. बारा हजारीचा चौथा थर ३,०६५ आणि साडेनऊ हजारीचा तिसरा थर २,८४०. म्हणजे जादा पैसे मोजून तुम्ही साधारण एका थराचा फायदा विकत घेता. आता त्याच्या जागी एक कप्पी घ्या, ज्याला आपण स्नॅच ब्लॉक म्हणतो ती.

झाड दहा मीटरवर आहे. रोप झाडाच्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या चेसिसच्या हुकाला. दहा मीटरऐवजी वीस मीटर रोप बाहेर आला, म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्या थरावर उतरलात. ३,४२० ची दुप्पट ६,८४०, कप्पीच्या घर्षणाचे दहा टक्के वजा केले तरी ६,१५० च्या आसपास. त्याच जागी बारा हजारीचा एकेरी रोप तिसऱ्या थरात जेमतेम ३,५९० देतो. वेग निम्मा होतो हे खरं. पण रुतलेल्या गाडीला घाई नसतेच, आपल्यालाच असते.

अजून एक. बऱ्याच बारा हजारी विंचनाही ९.५ मिमीचाच वायर रोप येतो. तो साधारण ६,५०० किलोला तुटतो. साडेनऊ हजारीवर तो दीडपट सुरक्षित, बारा हजारीवर फक्त १.२ पट. मोटर मोठी घेतली आणि रोप तोच ठेवला, तर कमकुवत कडी फक्त जागा बदलते.

कृष्णाकाठ
ओढ किती लागते हेही मोजायला हवं, नाहीतर विंचची ताकद हवेतच. लष्करी रिकव्हरीत वापरतात तो अंदाज सोपा आहे:

चाक हबच्या मध्यापर्यंत चिखलात असेल तर गाडीच्या वजनाइतकी ओढ. हबच्या वर, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट. केबिनला चिखल लागला तर तिप्पट. चढ असेल तर प्रत्येक अंशाला वजनाचा साठावा भाग वेगळा मिळवायचा.

तुमच्या लाल चढाचं बघा. २० अंशाचा चढ म्हणजे वजनाचा एक तृतीयांश, ९१० किलो. निसरड्या मातीतून चाक फिरवण्याचे पाव भाग, ६८० धरा. १,६०० किलोत काम होतं. तिथं साडेनऊ हजारी चौथ्या थरातही पुरते. पाटण खोऱ्यातले चढ ही अडचणच नाही.

खरी परीक्षा काळ्या रानाची. पाणी सोडल्यानंतरची सरी, किंवा नदीकाठचं चिबड रान. गाडी हबपर्यंत गेली तर २,७३५, मडगार्डपर्यंत गेली तर ५,४७० किलो. दुसऱ्या आकड्याला बारा हजारीही एकेरी रोपानं पुरत नाही, पहिल्या थरातसुद्धा काठावर. म्हणजे कप्पी दोन्ही विंचना लागणारच.

आणि फावडं लागणारच. काळी चिकण माती नुसती अडवत नाही, ती चोखून धरते. चासीच्या खाली आणि डिफरन्शियलभोवती माती चिकटून बसली की हवा आत जायला वाट राहत नाही. अर्धा तास खोऱ्यानं खणून चाकांपुढची माती उतरती केली, डिफच्या बाजूनं चर काढला की दुप्पटची ओढ एकपटीवर येते. टायरची हवा १५-१८ पीएसआयवर उतरवा. हे अगोदर, विंचचं बटण नंतर. उलट केलं की काय होतं: विंच गाडीला पुढं ओढायच्या ऐवजी नाक खाली खेचते, बंपर मातीचा नांगर होतो आणि लागणारी ओढ मीटरागणिक वाढत जाते.

ऊसफड
थोडं विषयांतर. याच विंचनं फडात रुतलेली उसाची ट्रॉली निघेल का? हंगामात रोजचंच असतं ते.

कृष्णाकाठ
नाही. अडचण विंचची नाही, तुमच्या पिकअपची आहे. ओल्या मातीवर २,६०० किलोची गाडी टायरच्या पकडीवर फार तर हजारभर किलो धरून ठेवते. भरलेली ट्रॉली दहा टनांच्या पुढची. ट्रॉली जागची हलणार नाही, पिकअप सरपटत ट्रॉलीकडं जाईल. पिकअप मागून मोठ्या झाडाला बांधली तरी सगळा ताण तुमच्या चासीतून आरपार जातो. त्या कामाला दुसरा ट्रॅक्टर आणि आधी निम्मा ऊस उतरवणं.

बाराव्होल्ट
विंचचा आकार बॅटरी ठरवते, यावर कोणी बोललंच नाही.

साडेनऊ हजारी पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास खेचते. अल्टरनेटर ९० चा, तोही आयडलवर ९० देत नाही. बाकीचं सगळं बॅटरीतून. पूर्ण ओढीला रोपाचा वेग मिनिटाला जेमतेम दीड मीटर. सहा मीटर ओढायचं म्हणजे चार मिनिटं. कागदावर २७ एएच. ७५ मधून २७ गेले तर काय बिघडलं, असं वाटेल. पण एएचचा आकडा वीस तासांच्या सावकाश वापराचा असतो. ४०० अँपिअरनं ओढली तर बॅटरी त्याच्या कितीतरी आधी मान टाकते.

व्होल्टेज पडलं की खरा घोळ सुरू होतो. सोलेनॉइडची (विंचचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल नीट धरत नाही, आतले संपर्क थरथरतात, ठिणगी पडते आणि ते वितळून चिकटतात. मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते. म्हणून ५०० अँपिअरचा आयसोलेटर स्विच (बॅटरीपासून विंच पूर्ण तोडणारा) हवाच, आणि तो बॉनेटच्या आत नको, हात पोचेल असा हवा.

केबलचं गणित: ३५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलला मीटरला अर्धा मिलिओहम. बॅटरी पुढं असेल तर जाऊन-येऊन चार मीटर, दोन मिलिओहम, ४०० अँपिअरला ०.८ व्होल्ट जातो. चालतं. जागेअभावी बॅटरी मागं हौद्यात नेली तर आठ मीटर आणि १.६ व्होल्ट. तिथं ७० चौरस मिमी लागेल. अर्थ चेसिसला देऊ नका, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. गंजलेला चेसिस बोल्ट ४०० अँपिअर पेलत नाही, आधी तापतो. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) क्रिंप करून वर हीटश्रिंक. नुसता टेप गुंडाळलेला लग पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडतो.

ओढताना इंजिन चालू, १,२०० ते १,५०० आरपीएम. एसी, लाइटबार बंद. जोराची ओढ एकावेळी मिनिटभर, मग थांबा. मोटरच्या बॉडीवर हात ठेवा. हात टिकत नसेल तर तिला अजून विश्रांती हवी. कप्पी लावली की अँपिअर बरेच खाली येतात, त्यामुळे कप्पीचा सगळ्यात मोठा लाभ बॅटरीला. मुरूमवाटांना माझं अनुमोदन यासाठी.

मोटर सिरीज-वाउंडच (चुंबकाऐवजी कॉइलवाली) घ्या. परमनंट मॅग्नेटवाली कमी अँपिअर खाते पण लांब ओढीत लवकर तापते.

ट्रकवाला_मिरज
आपला सात टनी ट्रक आहे, २४ व्होल्ट. १२ व्होल्टची विंच एका बॅटरीवरून चालेल का? स्वस्तात मिळतीय.

बाराव्होल्ट
अजिबात नको. एकाच बॅटरीतून ओढलं की ती उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. काही महिन्यांत दोन्ही जातात. आणि आकारही बघा: ७,००० चे दीडपट १०,५०० किलो, २३,००० पौंडांच्या वर. या पल्ल्यात २४ व्होल्टच्या इलेक्ट्रिक विंच मिळतात, पण रोजच्या कामाला पीटीओवरची (गिअरबॉक्समधून इंजिनची ताकद घेणारी) हायड्रॉलिक बरी. ती तापत नाही आणि इंजिन चालू आहे तोवर थकत नाही. पंप, टाकी, पाइप असा पसारा मात्र येतो.

ट्रकवाला_मिरज
बरं झालं विचारलं. 🙏

जांभाखडक
रोपाचं. वायर रोप २८ मीटर साधारण दहा किलो, तेवढाच सिंथेटिक दोन किलोच्या आत. ही आठ किलो गाडीच्या अगदी नाकावरची, समोरच्या स्प्रिंगला कळते. सिंथेटिक तुटला तर फटका कमी. वायर रोप तुटला तर चाबूक. १० मिमीचा चांगला सिंथेटिक ताकदीतही वायरपेक्षा वरचढ.

पण आपल्याकडं दोन शत्रू आहेत. एक जांभा. चाळकेवाडी, ठोसेघरकडच्या पठारांवर जांभ्याच्या कडा कानशीसारख्या असतात. ताणलेला सिंथेटिक त्या कडेवर घासला की तंतू सुटतात. रोपावर सरकवायची संरक्षक नळी कडेच्या जागी आणून ठेवायची. दुसरा शत्रू चिखलातली रेती. ती वेण्यांच्या आत शिरून आतून कापते. घरी आल्यावर रोप पूर्ण उलगडून पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा.

तिसरी गोष्ट उष्णता. सिंथेटिकचा तंतू १५० अंशांच्या आतच वितळतो, ताकद त्याच्या बरीच आधी घटते. पुष्कळ विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. गाडी उतारावर विंचनं सोडत खाली उतरवली तर तो ब्रेक तापतो आणि सगळ्यात आतला थर भाजतो. वरून रोप ठणठणीत दिसतो, तुटतो तो ड्रमपाशी. उतारावर वारंवार सोडायचं काम असेल तर वायर रोप, नाहीतर ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेली विंच.

वायर रोपाला रोलर फेअरलीड (रोप ज्यातून बाहेर येतो ती चौकट), सिंथेटिकला अॅल्युमिनियमची गुळगुळीत हॉस फेअरलीड. ज्या फेअरलीडमधून आधी वायर गेला आहे त्यात सिंथेटिक घालू नका, तिच्यावरचे ओरखडे करवतीचं काम करतात. ड्रमवर वायरचे किमान पाच वेढे शिल्लक, सिंथेटिकचे आठ-दहा. ड्रमवरचा शेवटचा स्क्रू रोपाचं टोक धरून ठेवायला असतो, ओढ घ्यायला नाही.

वारणाकाठ
कप्पीचं पटलं. पण पठारावर कप्पी बांधायची कशाला? झाडच नाही.

पहार
हा प्रश्न बरोबर. आधी काय वापरायचं नाही ते: पवनचक्कीचा पाया, विजेचा खांब, तारेच्या कुंपणाचे दगडी खांब. बांधावरची बाभूळ बारीक असेल तर तीही नको, मुळासकट येते. चिंच, आंबा, वड असला तर बुंध्याच्या अगदी तळाला रुंद पट्टा, ७५ मिमीचा. नुसती साखळी किंवा रोप झाडाभोवती गुंडाळला की साल कापली जाते. झाड जातं आणि शेतमालकाशी भांडण राहतं.

झाड नसेल आणि माती असेल तर स्टेपनी गाडायची. मीटरभर खोल खड्डा, ओढीच्या बाजूची भिंत उभी, स्टेपनी त्या भिंतीला टेकवून. पट्ट्यासाठी तिरपा चर काढायचा. चर उथळ राहिला तर ओढ वरच्या दिशेनं लागते आणि स्टेपनी खड्ड्यातून उपटून येते. पुष्कळांचं इथंच चुकतं.

पहारींचा मारा हा दुसरा उपाय. एक पहार चांगल्या जमिनीत तीनशे किलोच्या आसपास धरते. पुढं तीन, मागं दोन, त्यामागं एक असा मेळ घालून एकमेकींना आवळलं तर १,८०० किलोपर्यंत. नदीकाठच्या ओल्या गाळवट मातीत हा आकडा निम्म्यावर येतो. जांभ्यात पहार शिरतच नाही. तिथं दुसरी गाडी हीच अँकर.

कप्पी लावताना एक हिशेब विसरू नका. रोपाच्या दोन पदरांतला ताण अँकरवर एकत्र येतो. रोपात ३,००० असेल तर झाडाच्या पट्ट्यावर सहा हजारांच्या घरात. सगळे १९ मिमीचं बो-शॅकल (जोडणीची पिनवाली कडी) घेतात, त्याच्यावर डब्ल्यूएलएल (सुरक्षित भारमर्यादा) ४.७५ टन कोरलेलं असतं. ते गाडीच्या बाजूला ठीक. झाडाच्या बाजूला २२ मिमीचं ६.५ टनी किंवा २५ मिमीचं ८.५ टनी ठेवा. कप्पीचाही आकडा तपासा. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं.

आणि कास पठार, कोयना-चांदोलीचं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल इथं वाट सोडून गाडी घालायचीच नाही. कास २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चाकोरीची एक खूण तिथल्या पातळ मातीवर वर्षानुवर्षं राहते.

मुरूमवाट
बसवण्याबद्दल थोडक्यात. या पल्ल्यातल्या बहुतेक विंचना २५४ बाय ११४ मिमीवर चार बोल्ट, एम१०, ग्रेड ८.८. प्लेट सहा मिमीच्या खाली नको, आणि ती चेसिसच्या दोन्ही रेल्सला जोडलेली हवी, बंपरच्या पत्र्याला नव्हे. जाडजूड बुलबार लावून त्यात विंच बसवायचा मोह टाळा: केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच क्रॅशगार्ड-बुलबारवर कारवाईचे आदेश राज्यांना दिले, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग धरतात. कंपनीच्या बंपरमागची लपलेली प्लेट बरी. एअरबॅगवाली गाडी असेल तर पुढचे सेन्सर कुठं आहेत ते आधी बघा, आणि रेडिएटरसमोर कंट्रोल बॉक्स आडवा येऊ देऊ नका. घाटात इंजिन तापलं की मग कारण शोधत बसावं लागतं.

चाकोरी
सगळ्यांचे आभार. ठरलं: साडेनऊ हजारी सिरीज-वाउंड, १० मिमी सिंथेटिक, हॉस फेअरलीड, दोन कप्प्या, ८.५ टनी शॅकल झाडाकडं, ५०० अँपिअरचा आयसोलेटर, केबल ३५ ची. बॅटरी तेवढी ९० एएचची करतो. वाचलेल्या पैशांत पट्टा आणि चांगलं फावडं. शेवटचा प्रश्न: नवीन रोप ड्रमवर हातानं गुंडाळला तर चालतो ना?

जांभाखडक
चालत नाही. सैल गुंडाळलेला रोप पहिल्याच जोराच्या ओढीला खालच्या थरात घुसतो आणि असा आवळतो की बाहेरच येत नाही. हलका चढ शोधा, वर झाडाला पट्टा बांधा. रोप शेवटच्या दहा वेढ्यांपर्यंत सोडा, हूक लावा. आत एक जण ब्रेक हलका दाबून बसेल, दुसरा रिमोट घेऊन बाजूला, रोपाच्या रेषेत नाही. थोडं थोडं ओढत गाडी वर आणायची. ड्रमवर बघत राहा: वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे. एका बाजूला ढीग होऊ लागला तर लगेच थांबा, तेवढा सोडून परत घ्या. शेवटचे दोन मीटर बटण टिचक्या मारत.

मुरूमवाट
आणि ते झाल्यावर प्लेटचे चारही बोल्ट परत ४५ न्यूटन-मीटरला आवळा. पहिल्या ताणानंतर ते बसतात, एखादा तरी अर्धा फेरा घेतोच.